भुतासाठी भिजवलेले गहू

माय, तुला मी कधी धड पत्र लिहिलं नाही. होस्टेलला होते तेव्हा एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायचे, तीही दोन ओळींची. डोक्याचं तेल संपलं, शनिवारी येते. त्यातलं तेल तू नेमानं पाठवायचीस आणि शनिवारी मी यायचेच असं नाही. आज शूटिंगला सुट्टी आहे, लॉजच्या खोलीत कागद पडले आहेत, आणि मला एक गोष्ट सांगायची आहे. तुला ती पहिल्यापासून माहीत होती. मलाच कळायला अकरा वर्षं लागली.

तुझ्या त्या भुताच्या सिनेमाचा आता दुसरा भाग होतो आहे. तोच डायरेक्टर, भुताचं काम करणारी तीच बाई, आणि शेगावबाहेरचं तेच बंद पडलेलं जिनिंग. आतल्या पत्र्याला कापसाचे तंतू अजून चिकटलेले आहेत, त्यामुळे सेटवाल्यांना जाळी विकत आणायला लागत नाही. भुताच्या सिनेमातली रात्र दुपारी बारा वाजता होते हे मी तुला सांगितलं होतं, तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. पण खरंच तसं असतं. खिडक्यांना काळं कापड ठोकायचं, निळा दिवा लावायचा, की झाली रात्र. बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि आत आमचं भूत थंडीनं कुडकुडतं. सीन संपला की तेच भूत कुलरपुढे बसून नळीनं ताक पितं, कारण तोंड मोठं उघडलं तर गालाची कातडी सुटते. ती कातडी म्हणजे माझं काम. आता माझ्या हाताखाली तीन मुली आहेत. मॅडम म्हणतात मला.

पहिल्या वेळी मी स्पंज धुणारी होते. रंगभूषेच्या खात्यातली सगळ्यात धाकटी असिस्टंट. बारा गावचं पाणी प्यायलेला आमचा मुख्य रंगभूषाकार मला नावानंसुद्धा हाक मारत नसे. मुंबईहून निघताना त्यानं भुतासाठी रबराच्या पातळ कातड्या करून आणल्या होत्या आणि त्या गाडीच्या डिकीत तशाच राहू दिल्या. आपल्याकडचा मे महिना त्याला काय माहीत. डिकी उघडली तेव्हा सगळ्या कातड्यांचा मिळून एक गोळा झालेला होता. दुसऱ्या दिवशी भुताचा चेहरा पहिल्यांदा दिसणार होता. तो म्हणाला, तू इकडची आहेस ना, मग बाजारातून काहीतरी शोधून आण. मी अख्खं शेगाव पालथं घातलं. पेढे मिळाले, हार मिळाले, तसबिरी मिळाल्या. कातडी कुठून मिळणार? स्टँडवर आपल्याकडे येणारी वरवट बकालची एसटी उभी होती. म्हटलं घरी जावं, चार घास खावेत आणि रिकाम्या हातानं परत येऊन बोलणी खावीत. म्हणून मी त्या दिवशी आले, माय. तुझ्यासाठी नव्हते आले.

तू तर माझी वाटच बघत होतीस. मी शेगावात येणार हे कळल्यावर तूच फोनवर म्हणाली होतीस की या वर्षी कुरडया तुझ्यासोबत करू, दोन दिवस ये, सोऱ्या दाबायला हात लागतो. मी हो म्हटलं होतं. त्या भरवशावर तू गहू भिजत घातलेस. मग फोन आला की मी म्हणायचे, उद्या येते, आज कामाचा डोंगर आहे. युनिटच्या मुली आजूबाजूला असायच्या, म्हणून मी तुझ्याशी शुद्ध बोलायचे, आणि तू पलीकडून घाबरल्यासारखी हळू बोलायचीस, जणू कोणा साहेबाशी बोलते आहेस.

मी येते तेव्हा तू अंगणातल्या चुलीवर मोठा गंज ठेवून चीक शिजवते आहेस. घाम पुसायलाही हात मोकळा नाही. आलीस का म्हणत नाहीस, जेवलीस का म्हणत नाहीस. "धर चाटू," एवढंच म्हणतेस. मी चाटू धरते, चार वेळा फिरवते आणि विचारते की झालं का. "पी हळद अन् हो गोरी," तू म्हणतेस. "तुले समदंच आत्ताच्या आत्ता पायजे. येवाले मात्र उशीर." तेवढाच काय तो राग. मग तुझ्या मनगटावर उडालेला चिकाचा एक थेंब मला दिसतो. तो सुकला आहे. तू तो नखानं काढतेस आणि तो कातडीसारखा सुटून येतो, करडा, मऊ, बारीक सुरकुत्या पडलेला. माझ्या हातातला चाटू थांबतो.

"माय, हा चीक मले देशीन?"

"खाशीन तं घे वाटीत."

"खायाले नाई. भुताच्या तोंडाले लावाले."

तू माझ्याकडे पाहिलंस, गंजाकडे पाहिलंस. मला वाटलं आता चाटू पाठीत बसणार. वर्षभराच्या कुरडयांचा चीक, आणि पोरगी तो भुताच्या तोंडाला फासायला मागते. पण तू म्हणालीस, "ने. समदा ने." गंजासकट नेऊ दिलास, वर फडकं बांधून दिलंस. दर वर्षी पहिल्या चिकाची वाटी देवापुढे ठेवल्याशिवाय तू आम्हाला बोटही लावू देत नसायचीस. त्या दिवशी वाटी काढलीच नाहीस. मला वाटलं माझ्या घाईपायी देवालाही थांबवलंस. मी एसटीत गंज मांडीवर घेऊन बसले आणि मला रडू आलं. केवढं मन आहे माझ्या मायचं, असं वाटत होतं. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला होता, त्याचं कारण मला तेव्हा उमगलं नाही.

त्या चिकानं माझं आयुष्य बदललं, हे मी काही वाढवून सांगत नाही. स्टीलच्या ताटाला तेलाचा हात लावून तो पातळ पसरला, अर्धा सुकू दिला, आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिला आणि मग त्या बाईच्या गालावर चढवला. ती हसली की कातडी तिच्यासोबत हलायची आणि मागाहून सुरकुतायची. माणसाची कातडी मेल्यावर कशी होत असेल हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, पण अशीच होत असेल असं सगळ्यांना वाटलं. पोस्टरवर तोच चेहरा आला. पुढच्या सिनेमाला मुख्य रंगभूषाकारानं मला नावानं हाक मारली आणि त्याच्या पुढच्याला मीच मुख्य झाले. ती कातडी कशाची होती असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, आमची एक खास पद्धत आहे. गव्हाचा चीक म्हणायची मला लाज वाटायची.

सिनेमा लागला तेव्हा तू मागच्या घरातल्या काकूला घेऊन शेगावला टॉकीजमध्ये गेलीस. मी मुद्दाम मुंबईहून आले होते, तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. भूत पहिल्यांदा तोंड वळवतं तिथं सगळी टॉकीज गप्प झाली, आणि तू हसायला लागलीस. आधी पदराआड, मग उघड. काकूही हसायला लागली. पुढच्या रांगेतल्यानं वळून पाहिलं. मला इतका राग आला की बाहेर पडल्यावर मी तुझ्याशी बोलले नाही. तू म्हणालीस, "मले भेवच नाई वाटला वं पोरी, मी काय करू?" मला वाटलं तुला माझ्या कामातलं काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तू कुरडयांचा डबा दिलास, पांढऱ्याशुभ्र, एकही मोडलेली नाही. मी तो फुगलेल्या तोंडानं घेतला. सगळा चीक मी नेला असताना या कुरडया कुठून आल्या, एवढाही प्रश्न मला पडला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी तू गेलीस. त्याबद्दल मी लिहीत नाही, ते सगळं तुला माहीत आहे.

आता या वेळी काय झालं ते ऐक. डायरेक्टर म्हणाला, मला तीच कातडी पाहिजे. आम्ही परदेशी सामान मागवलं, महागाचं, गाडीच्या डिकीत न वितळणारं. छान दिसत होतं आणि तेच वाईट होतं. भूत पार्लरमधून आल्यासारखं दिसायचं. शेवटी तो म्हणाला की दोन आठवडे आहेत, त्या सोमवारपर्यंत बघू, नाही जमलं तर चेहरा कॉम्प्युटरवर करू. म्हणजे मी आणि माझ्या तीन मुलींनी राहिलेल्या लोकांना पावडर लावत बसायचं. तो सज्जन माणूस आहे, आवाज चढवून बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. ज्या एका कातडीवर मी नाव कमावलं ती मला पुन्हा करता येत नव्हती. पहिल्या वेळीही ती मी केली नव्हती, हे मला एकटीलाच ठाऊक होतं.

मी लॉजच्या बाथरूममध्ये बादलीत गहू भिजवले. तीन दिवस, रोज पाणी बदलून, अगदी तू करायचीस तसं. वाटले, मलमलच्या कापडातून तीनदा गाळले, वर आलेलं निवळ पाणी ओतून दिलं, शिजवलं. चीक असा झाला की तू असतीस तर चार बायांना बोलावून दाखवला असतास. गालावर लावला, सुकला, आणि त्या बाईनं तोंड उघडल्याबरोबर पापडासारखा तडकला. गव्हाची जात बदलली, पाणी बदललं, पुन्हा केलं. पुन्हा तडकला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी गव्हाला नावं ठेवत होते. लॉजचा मॅनेजर हात जोडून दारात आला. "मॅडम, इथं दर्शनाले लोकं येतात. तुमच्या खोलीतून वास येऊन राह्यला. आपन काय शिजवून राह्यल्या ते मी इचारत नाई, पन बाहीर शिजवा." त्याला कातडी शिजवते म्हणून सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं.

बुधवारी मी उरलेला चीक डब्यात घालून काकूकडे गेले. ती आता थकली आहे, कानाला कमी येतं, पण जिभेला काही झालेलं नाही. तिनं बोटावर चीक घेतला आणि चाखला.

"चांगला तं हाये. काय खराबी हाये याच्यात?"

"तडकतो ना, काकू. मायनं देल्ला होता तो नव्हता तडकत."

काकूनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग तिला टॉकीजमध्ये आलं होतं तसं हसू आलं. "अवं, तो नासला होता."

ती भिंतीला टेकून बसली आणि सावकाश सांगायला लागली. "तीन दिसाचे गहू पाच दिस भिजू देल्ले तुह्या मायनं. मी म्हनलं, बाई, वाटून घेऊ आपन दोघी, पोरीचं काय खरं हाये? तं म्हने, येतो म्हनली हाये, थांबू एक दिस. दुसऱ्या दिसी पुन्हा तेच. मंग आंबट वास सुटला. शिजवून पाहू म्हने, जमला तं जमला. शिजवला तं काळपट, तारच धरेना. गाईच्या घमेल्यात ओताचा होता, तेवढ्यात तू आली."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगत? म्हने, पोरगी हौसेनं मांगून राह्यली, नासला म्हनलं तं तिले वाटीन का आपल्यापायी नासला." मग काकू पुन्हा हसली. "अन् म्हने, भुताले कायले चांगला चीक लागते?"

माय, मी तिथं ओसरीवर बसून किती वेळ हसले आणि केव्हा रडायला लागले ते मला सांगता येणार नाही. देवापुढे वाटी का नव्हती ते कळलं. नासलेलं तू देवाला कशी ठेवणार? टॉकीजमध्ये तू का हसलीस ते कळलं. सगळी टॉकीज श्वास रोखून बसली होती आणि तुम्हा दोघींना तेवढं दिसत होतं की भुतानं गाईचं घमेलं तोंडाला फासलं आहे. त्या पांढऱ्या कुरडया मी गेल्यावर तुम्ही दोघींनी दुसरे गहू भिजवून केल्या होत्या, हेही काकूनं सांगितलं. मी अकरा वर्षं लोकांना तुझं मन किती मोठं ते मनातल्या मनात सांगत होते, आणि तू काटकसर करत होतीस. तरी तुझं मन मोठंच होतं. मला वाटलं होतं त्या जागी नव्हतं, एवढंच.

मी काकूला म्हटलं, मग आपण तसाच नासवू. तिचा चेहरा उतरला. "नाई वं. चुकून नासलं ते येगळं. जानूनबुजून अन्न नासवाचं पाप मी नाई करत." मी तिला सगळं सांगितलं, सोमवारचं, कॉम्प्युटरचं, तीन मुलींचं. तिनं निवडायचे तांदूळ पुढे ओढले. मग म्हणाली, "तू असं कर. रोजच्यासारखे भिजू घाल. मंग कोनाची तरी वाट पाह्य. वाट पाहता पाहता नासले तं कोनाचं पाप?"

"कोनाची वाट पाहू?"

"ते तुह्यं तू पाह्य."

डायरेक्टरकडून मी एक दिवस जास्त मागून घेतला आणि काकूच्या ओसरीवर गहू भिजत घातले. रोज सकाळच्या एसटीनं जाऊन पाणी बदलायचं आणि परत येऊन कामाला लागायचं, असं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी गहू तयार झाले. दाणा दाबला की पांढरं दूध यायचं. हात शिवशिवत होते, आता वाटावेत, अगदी आत्ता. चौथ्या दिवशी पाण्यावर फेस आला. पाचव्या दिवशी तो आंबट वास आला आणि मला कळलं की तूही इथपर्यंत आली होतीस. चांगल्या गव्हाचं वाटोळं होतं आहे हे तुझ्यासारख्या बाईला तिसऱ्या दिवशीच कळलं असणार. भाताचं शीतही तू ताटात राहू दिलं नाहीस कधी. तरी तू पाणी बदललंस आणि थांबलीस. दुपारच्या एसटीचा आवाज आला की तू हातातलं सोडून दारात यायचीस, असं काकू म्हणाली. हे तिनं का सांगितलं कोण जाणे. मी विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी चीक शिजवला. काळपट, सैल, तार न धरणारा. आधी मनगटाला लावून पाहिला, मग त्या बाईच्या गालावर चढवला. जिनिंगमध्ये काळं कापड होतं, निळा दिवा होता. तिनं तोंड वळवलं आणि हसली. कातडी हलली, थांबली, मागाहून सुरकुतली. दिवे धरणारा माणूस एक पाऊल मागे सरकला. डायरेक्टर फक्त "हां" म्हणाला. मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की ही नक्की कसली पद्धत आहे. मी सांगितलं, नासलेला गव्हाचा चीक आहे, माझ्या मायनं नासवलेला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. माझ्या तिन्ही मुलींना मात्र मी खरं खरं शिकवलं. पाच दिवस भिजवायचे, आणि का भिजवायचे, तेही.

मला तुझे आभार मानायचे आहेत, माय. आपल्याकडे मायचे आभार मानत नाहीत, मानले तर तू म्हणाली असतीस, हे काय येड लागलं. तरी मानते. आज माझ्या नावापुढे जे काही आहे ते तू माझ्यासाठी थांबलीस म्हणून आहे. हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं आणि तुला तर फारच सांगावंसं वाटतं. हा कागद मी घडी करून रंगाच्या पेटीत, खालच्या कप्प्यात ठेवणार आहे. पाठवायला पत्ता नाही आणि काकूला वाचून दाखवायची हिंमत नाही, कारण पुढचं तिलाही माहीत नाही.

ते दोन दिवस, ज्यांत मी उद्या येते, उद्या येते म्हणत होते, तेव्हा शूटिंग बंद होतं. नायिकेला ताप आला होता आणि अख्खं युनिट लॉजवर लोळत पडलं होतं. चिकाचा वास केसांत राहतो, त्या मुली हसतील, म्हणून मी आले नाही. तू काकूला सांगितलंस की पोरीला कामं फार आहेत. काम नव्हतं, माय.